नाताळची पाहणी

माझा नवरा डोंगराच्या पोटात काम करतो. तिथे बोगदा खणतायत. दोन बाजूंनी खणत आलेल्या माणसांची मधोमध गाठ पडावी, ती चुकून एकमेकांच्या शेजारून निघून जाऊ नयेत, एवढं बघणं हे त्याचं काम. मोजमापाची यंत्रं घेऊन तो महिनोन्‌महिने तिकडेच असतो. मग दोन दिवसांसाठी घरी येतो, भरपूर झोपतो, घरातले सगळे नळ घट्ट करतो आणि जातो.

गेल्या खेपेला तो आला, तेव्हा आमची मनी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मनी म्हणजे आमची पाच वर्षांची मुलगी. पाहुणे आले की ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसते आणि तिथून त्यांचे पाय बघते, म्हणून आजीनं तिला हे मांजराचं नाव ठेवलं. तर मनी टेबलाखालून बाहेर आली, आजीजवळ गेली आणि हळूच, अगदी सभ्यपणे तिनं विचारलं, "हे कधी जाणार?"

नवऱ्याला हसू आवरेना. त्यानं तो किस्सा शेजाऱ्यांना सांगितला, फोन करून भावाला सांगितला, मला दोनदा सांगितला, जसं काही मी तिथे नव्हतेच. पण संध्याकाळी तो स्वयंपाकघरातला नळ पान्यानं आवळत बसला होता, आणि तो नळ आधीच घट्ट होता. मी दारातून बघत होते. बघणं हा माझा स्वभाव आहे. सासूबाईंच्या मते आजार आहे.

फोनवर मात्र या बापलेकींचं गूळपीठ असतं. ती त्याला पडलेला दात दाखवते, तो तिला बोगद्यातला पिवळा दिवा दाखवतो. फोनवरचा बाबा तिच्या हातात मावतो ना! खरा बाबा फार मोठा आहे. तो न्हाणीघर अडवतो, दाढी करताना शिट्टी वाजवतो, आणि तिच्या खुर्चीत बसतो. ती त्याची खुर्ची आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

नाताळच्या आदल्या दुपारी येतोय, नाताळ झाला की दुसऱ्या दिवशी जाणार, असा त्याचा निरोप आला तेव्हा मी ठरवलं, या वेळी घरात बसायचं नाही. घरात बसलं की ती टेबलाखाली आणि तो नळाखाली. बाहेर जायचं. छान, नाताळसारखं काहीतरी बघायचं, चौघांनी मिळून. म्हणजे निदान एका संध्याकाळी तरी तिनं त्याचा हात धरला असं होईल. आणि जमलं, तर दरवर्षी तेच करायचं. आमची म्हणून एक परंपरा.

"परंपरा?" सासूबाई म्हणाल्या. "ती काय बाजारात मिळते? किलोवर देतात की नगावर?"

"आई, प्रत्येक घराची असते काहीतरी."

"आपल्या घराची आहे की. तू घाबरायचं, मी हसायचं. किती वर्षं चाललीये."

सासूबाई नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर होत्या, निवृत्त होईपर्यंत. एवढ्याशा खिडकीतून माणसाचा चेहरा बघून तो पुढची रांग मागणार की मागची हे त्यांना कळायचं म्हणे. माझ्याकडे बघून त्या म्हणतात, "तू दाराजवळची खुर्ची मागणारी. आग लागली तर आधी पळता यावं म्हणून."

यात चूक काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. माझ्या टेबलावर नुसती पडलेली, भाजलेली, चेंगरलेली, घसरलेली माणसं येतात. सहलीला जाऊन सुखरूप परत आलेल्या माणसाचा कागद कधी माझ्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे कुठेही मुलीला न्यायचं म्हटलं की मी आधी स्वतः जाऊन ती जागा बघून येते. जिना केवढा, कठडा किती उंच, स्वच्छतागृह कुठे, गर्दी झाली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. आमच्याकडे याला पाहणी म्हणतात. म्हणजे सासूबाई म्हणतात, आणि म्हणताना मंत्र्यांचा दौरा निघाल्यासारखा चेहरा करतात.

या खेपेला अडचण एकच होती. मनीच्या शाळेला सुट्टी लागलेली आणि सासूबाईंचा गुडघा धरलेला. त्यामुळे मनीला घरी ठेवून पाहणीला जाता येईना. मग तिला घेऊनच गेले. चूक झाली ती इथे, पण तेव्हा ती चूक वाटली नाही. उलट वाटलं, बरंच झालं, ज्याच्यासाठी करायचं त्याचंही मत कळेल.

आधी मॉलमध्ये गेलो. तिथे सरकता जिना होता, त्याच्या तोंडाशीच कापसाचा बर्फ पसरलेला होता, आणि बर्फावर पाय घसरून एक गृहस्थ माझ्या डोळ्यांदेखत बसले. त्यांना मी ओळखपाळख नसताना दाव्यासाठी घसरल्या जागेचा फोटो काढून ठेवायला सांगितलं आणि मनीला घेऊन बाहेर पडले. मॉल बाद.

मग चर्चमध्ये. आमच्या रस्त्याच्या टोकाला जुनं दगडी चर्च आहे. त्याच्या अंगणात दर नाताळला येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा मांडतात आणि संध्याकाळी गाणी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा देखावा अर्धाच मांडून झाला होता. चर्चची देखभाल करणाऱ्या बाई गवतात मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक राजा आडवा होता आणि त्या त्याच्या मनगटाला डिंक लावत होत्या. त्याचा तुटलेला हात त्यांनी तोंडात धरला होता.

मी त्यांना विचारलं, दिव्यांच्या वायरी उघड्या आहेत का? गर्दी किती होते? फाटक रात्री उघडं असतं ना? त्या हात तोंडात धरूनच "हूं, हूं" करत होत्या. तेवढ्यात मनी देखाव्याच्या अगदी जवळ जाऊन उकिडवी बसली.

"बाळ कुठंय?" तिनं विचारलं. अनोळखी माणसाला मनीनं आपण होऊन प्रश्न विचारला, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा मी वायर बघत होते.

बाईंनी हात तोंडातून काढला. "बाळ अजून यायचंय. उद्या मध्यरात्री येणार."

"कुठून?"

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. मग तिला जवळ बोलावलं. "आतल्या कपाटात आहे. टॉवेलात गुंडाळून ठेवलंय. सांगू नकोस कुणाला. सगळ्यांना वाटतं आभाळातून येतं."

मनीनं मान डोलावली. बाईंना तेवढ्यावर थांबवेना. एकटीनं काम करणाऱ्या माणसाचं असंच होतं, ऐकणारं कुणी भेटलं की पोतडी उघडते. "आणि ते मेंढरू बघितलंस, त्या कोपऱ्यातलं? ते मेंढरू नाही. कुत्रा आहे. मागच्या वर्षी एक मेंढरू फुटलं, मग घरातला मातीचा कुत्रा आणला आणि कापूस चिकटवला वरून. हेही नाही सांगायचं."

"फादरना माहितीये?" मनीनं कुजबुजत विचारलं.

"फादरना तर मुळीच नाही."

घरी येईस्तोवर मनी एक शब्द बोलली नाही. तोंडात कुणाचा तरी हात धरल्यासारखी चालत होती. घरात शिरल्या शिरल्या आजीला सगळं सांगून मोकळी झाली. आजी म्हणाल्या, "अगं, सांगायचं नव्हतं ना?" मनी म्हणाली, "तू कुणी नाहीयेस. तू आजी आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे नवरा यायच्याच दिवशी, मी बागेतली छोटी आगगाडी बघून आले. तळ्याला वळसा घालून जाणारी, चार डब्यांची. नाताळात गाडीवाले काका सांताक्लॉज बनून ती चालवतात आणि झाडांना दिवे लावलेले असतात. ऐकायला छान होतं, पण रूळ, तळं आणि अंधार हे तीन शब्द एका वाक्यात आले की मला दरदरून घाम फुटतो.

आम्ही पोचलो तेव्हा काका नुसत्या बनियनवर इंजिनाखाली आडवे झाले होते. त्यांची पांढरी दाढी धुऊन तिकीट खिडकीच्या गजाला वाळत घातली होती, दोन चिमटे लावून. मनी दाढीसमोर जाऊन उभी राहिली.

"ओली आहे अजून," काका गाडीखालून म्हणाले. "हात लावू नकोस. आणि बघितलीस हे बोलू नकोस. पोरांना वाटतं मी ध्रुवावरून येतो."

"मग कुठून येता?"

"बाजारामागे राहतो."

डब्यांमध्ये वाळूच्या गोण्या बसवलेल्या होत्या. दर बाकावर दोन दोन, अगदी नवरा-बायको बसल्यासारख्या. माणसं बसवायच्या आधी भरलेली गाडी वळणावर कशी वळते हे बघायला काका गोण्यांना एक फेरी मारून आणतात. हे ऐकून मला त्यांच्याविषयी एवढा आदर वाटला की मी त्यांना नमस्कारच करणार होते. जगात आणखी एक माणूस होता जो आधी पाहणी करत होता! मी रुळांच्या कडेनं चालत पूर्ण फेरी बघितली, तळ्याच्या बाजूची साखळी ओढून बघितली. परत आले, तर मनी फलाटावर उभी राहून गोण्यांना टाटा करत होती.

ठरलं. संध्याकाळी आधी चर्च, मग आगगाडी. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं सासूबाईंना सगळा बेत सांगितला. त्या गुडघ्याला शेक देत होत्या. ऐकून त्यांनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली.

"पोरीला घेऊन हे सगळं बघून आलीस?"

"हो."

"बाळ कपाटात, दाढी गजावर, आणि गाडीत गोण्या?"

"हो, म्हणजे..."

"अगं बाई! नाटकाच्या आधी तिला रंगपटात फिरवून आणलंस. राजा बिडी ओढताना दाखवलास. आता पडदा उघडल्यावर ती काय टाळ्या वाजवणार? बसेल जांभया देत. आणि तो बिचारा तिकडून एवढा प्रवास करून तिच्या जांभया बघायला येणार."

 मी जिन्यांचा, वायरींचा, साखळ्यांचा विचार केला होता. गंमतच उरणार नाही याचा विमा काढायचा राहून गेला. दुसरीकडे कुठे जावं तर पाहणीला वेळ नव्हता, आणि पाहणीशिवाय जायची माझी छाती नव्हती.

"आणखी एक सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "रागावू नकोस. तो आला की तू दोघांच्या मधे उभी असतेस. 'मनी, बाबाला दाखव,' 'अरे, तिला असं नाही आवडत,' 'मनी, बाबा काय विचारतोय?' कोर्टातल्या दुभाष्यासारखी. त्यांना बोलायला जागा तर ठेव."

मी रागावले नाही. म्हणजे दाखवलं नाही. भांडी जरा जोरात लावली, एवढंच.

दुपारी तो आला. दारात उभा, खांद्यावर पिशवी, केसांत धूळ, हातात मनीसाठी आणलेला एक गुळगुळीत दगड. डोंगराच्या आतला, म्हणाला, जिथे आजवर कुणी गेलं नव्हतं तिथला. मनीनं तो दोन्ही हातांनी घेतला, "आभारी आहे" म्हणाली, आणि आत जाऊन कपाटातून पाहुण्यांचा टॉवेल काढून आणला. निळ्या काठाचा, कडक घडीचा, फक्त पाहुण्यांसाठी ठेवलेला. त्याच्यापुढे धरून म्हणाली, "तुम्ही हात धुणार का?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. नवरा म्हणाला, "हो, धुतो की," आणि टॉवेल घेतला. या वेळी तो हसला नाही. मी म्हणणार होते, "अगं, तो बाबा आहे, पाहुणा नाही," पण सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गप्प बसले. मला ते किती जड गेलं हे फक्त मला माहीत.

संध्याकाळी निघताना माझ्याजवळ मोठी पिशवी होती. तीत जास्तीचे मोजे, स्वेटर, पाणी, तापाचं औषध, विजेरी आणि एक शिट्टी होती.

"तंबू राहिला," सासूबाई म्हणाल्या. गुडघ्याला पट्टा बांधून त्याही निघाल्या होत्या. ही गंमत आपण चुकवणार नाही म्हणाल्या.

"शिट्टी कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"हरवलं तर वाजवायला."

"कोण हरवलं तर?"

"कुणीही."

"मग चार हव्यात," तो म्हणाला. "एकच असेल तर ज्याच्याजवळ आहे त्यानंच हरवायला हवं." मनीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. मी बघितलं. पण चालताना ती माझा उजवा हात धरून होती आणि तो माझ्या डावीकडे होता. मी मधे. सासूबाई मागून खोकल्या. मी पिशवी सावरायचं निमित्त करून मागे राहिले, तर मनीही मागे राहिली.

चर्चचं अंगण दिव्यांनी उजळलं होतं. पायऱ्यांवर गाणारी मंडळी उभी होती. मुलं देखाव्यापाशी गर्दी करून "अय्या, उंट बघ!" वगैरे ओरडत होती. मी मनीकडे बघितलं. ती उंटाकडे अशी बघत होती जसं मी ऑफिसात सोमवारी सकाळी बघते. मग तिनं जांभई दिली. चक्क, मोठी, दात पडलेली जागा दिसेल अशी.

झालं, मी मनात म्हटलं. आता "हे बघितलंय" म्हणेल, मग "घरी जाऊ या" म्हणेल, घरी जाऊन टेबलाखाली बसेल. आणि परवा तो जाईल. पुढच्या खेपेला ती त्याला चपला काढायला सांगेल आणि नाव विचारेल.

तेवढ्यात नवरा कठड्यावरून वाकला. देखाव्यात डोकावून बघितलं, मग आणखी वाकून बघितलं. डोंगरात राहणाऱ्या माणसाला अर्धवट काही दिसलं की चैन पडत नाही.

"अरेच्चा," तो म्हणाला. "यांचं बाळ राहिलं की! सगळे जमलेत आणि मधे नुसतं गवत. विसरले वाटतं. कुणाला तरी सांगायला हवं."

तो खरंच सांगायला निघाला. मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझा दंड धरला, आणि तिकीट खिडकीतल्या बाईच्या बोटांत केवढा जोर असतो ते मला त्या दिवशी कळलं.

मनीनं माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं. आजीकडे बघितलं. आजीला माहीत होतं. मग ती त्याच्याकडे बघायला लागली, आणि मला तिच्या डोळ्यांत ते हळूहळू उजाडताना दिसलं. या माणसाला काहीच माहीत नव्हतं. हा इथे नव्हताच ना! कपाट नाही, कुत्रा नाही, दाढी नाही. एवढा मोठा माणूस, आणि आत सगळा रिकामा.

माझा हात सोडून ती दोन पावलं गेली. त्याचं जाकीट खालून ओढलं.

"खाली वाक," ती म्हणाली.

तो वाकला.

"अजून."

तो गुडघ्यांवर बसला. चिखल होता, विजार खराब होणार होती, माझ्या पिशवीत त्याच्यासाठी जास्तीची विजार नव्हती. मनीनं त्याच्या कानाला धरून डोकं आपल्याकडे वळवलं आणि दोन्ही हातांचा आडोसा करून बोलायला लागली. मला "कपाट" ऐकू आलं. नंतर "टॉवेल". तो म्हणाला, "नाही!" ती म्हणाली, "शप्पथ." मग परत कान. त्यानं मान वळवून कोपऱ्यातल्या मेंढराकडे बघितलं, डोळे बारीक करून, यंत्रातून बघतात तसं.

"शेपूट वर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "मेंढराची खाली असते."

"हो ना!" मनी म्हणाली. हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे नव्या नजरेनं बघितलं. माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता.

शेजारच्या मुलानं विचारलं, "काय आहे? काय आहे?" मनी म्हणाली, "काही नाही. आमचं काम आहे."

मग ती त्याला घेऊन मागच्या बाजूला गेली. राजाचा हात कुठे चिकटवलाय तो सांधा मागून दिसतो म्हणे. मी पाठोपाठ निघाले, तर मनीनं वळून हात आडवा केला. "आई, तू थांब. तुला सगळं माहितीये."

"पण तिकडे वायर..."

"ती तू बघितलीयेस," सासूबाई म्हणाल्या. "चल, बाकावर बसू. माझा गुडघा तुझ्या जिवाइतका दुखतोय."

गाणी सुरू झाली. लोक डोळे मिटून ऐकत होते, मी डोळे फाडून देखाव्याच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथून मधूनच नवऱ्याचं "नाही!" आणि मनीचं "शप्पथ!" येत होतं.

बागेत मनीनं तिकिटाची रांग सोडून त्याला आधी खिडकीच्या गजापाशी नेलं आणि चिमट्यांच्या खुणा दाखवल्या. सांताक्लॉज आला, वाळलेली दाढी फुगून दुप्पट झालेली, मुलं आनंदानं किंचाळली. मनी किंचाळली नाही. तिनं त्याच्याकडे बघून एक डोळा मिटायचा प्रयत्न केला. तिला एक मिटता येत नाही, दोन्ही मिटतात. सांतानं मात्र बरोबर एकच मिटला.

डब्यात चढताना मी म्हणाले, "मी बसते तिच्या बाजूला, तू पलीकडून..." पण तोपर्यंत मनीनं बापाला बाकावर बसवून त्याचे खांदे दाबले होते. "असा बस. हलू नको. तू गोणी आहेस."

"कसली?"

"वाळूची. मी पण. गोण्या बोलत नाहीत."

आम्ही दोघी फलाटावरच राहिलो आणि गाडी सुटली. दिव्यांखालून जाताना ती दोघं दिसत होती, ताठ, गंभीर, समोर बघत. बाकीचे डबे हसत, ओरडत, हात हलवत होते. वळणावर भरलेली गाडी कलते तशी कलली, तेव्हा छोटी गोणी मोठ्या गोणीवर रेलली. वळण संपलं, गाडी सरळ झाली. छोटी गोणी सरळ झाली नाही.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या.

मी म्हणाले, "साखळी नीट लागलीये ना, तेवढं बघत होते." त्यांनी मला त्यावर काही म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार.

नाताळच्या सकाळी मी उठले तर बापलेकी बूट घालून दाराशी तयार. बाळ कपाटातून गव्हाणीत नीट पोचलं की नाही ते बघायला निघाले होते. पाहणीला, मनी म्हणाली. मी घाईघाईनं स्वेटर चढवला, पिशवी उचलली.

"तू नको," मनी म्हणाली. "आम्ही दोघंच जाणार. आम्ही आल्यावर तुला सांगू." जरा थांबून, बहुतेक माझा चेहरा बघून, तिनं भर घातली, "थोडं सांगू."

दार लागलं. जिन्यात त्याची शिट्टी आणि तिच्या उड्या ऐकू आल्या, मग काही नाही. घर एकदम मोठं झालं. हवं होतं तेच झालं होतं, आणि मला हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. मी एक बूट घातला.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या.

"नुसतं कोपऱ्यापर्यंत..."

"बस. त्याला बोगद्यात वाट सापडते, इथे सरळ रस्त्यावर नाही सापडणार?"

मी बसले. सासूबाईंनी चहा केला. दोघी प्यायलो. बाहेर वारा सुटला होता, खिडकीची काच वाजत होती. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळत होते. मग त्यांनीच कप खाली ठेवला.

"काय गं, कान बांधला होता का?"

"मनीनं? हो, टोपी होती."

"मनीचं कोण विचारतंय? त्यानं. वाऱ्यानं लगेच कान धरतो त्याचा, लहानपणापासून." त्या उठून खिडकीशी गेल्या. गुडघा विसरून गेल्या. "इथून चर्चचा कोपरा दिसत नाही का?"

"इथून नाही," मी म्हणाले. "गच्चीवरून दिसतो."

"तुला कसं माहीत?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता शाल घेऊन जिन्याकडे निघाल्याही.

मी एका बुटावरच त्यांच्यामागे गेले. गच्चीच्या कठड्याला टेकून दोघींनी रस्ता शोधला. चर्चपर्यंत ती दोघं पोचलीच नव्हती. अलीकडे, वळणावर, रस्त्याच्या कडेला दोघं उकिडवी बसली होती, डोक्याला डोकं लावून, आणि जमिनीवरचं काहीतरी बघत होती. तो बोटानं दाखवत होता. ती मान हलवत होती, पटत नसल्यासारखी. मग तिनं बोटानं दाखवलं आणि त्यानं मान हलवली.

"काय बघतायत गं?" सासूबाईंनी विचारलं. "तुझे डोळे चांगले आहेत. सांग ना."

मी खूप बघितलं. दिसलं नाही. ती परत आल्यावर मी विचारलं, दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर पुन्हा विचारलं, मग फोनवर त्याला विचारलं. तो म्हणतो, मनीला विचार. मनी म्हणते, ते सांगायचं नाही.